भारत : १७

झोपण्यापूर्वी फोन एकदा शेवटचा पाहून घ्यावा, या जुन्या खोडीपायी काल रात्री मला पेरू देशातल्या कुस्को शहरातून आलेला एक संदेश दिसला. आषाढात आम्ही उभयता ज्या घरगुती लॉजमध्ये चार रात्री राहिलो होतो, तिथल्या मालकीणबाईंनी तो पाठवला होता. संदेश चार ओळींचा होता. पहिल्या दोन ओळींत ख्यालीखुशाली होती. तिसऱ्या ओळीत त्यांच्या वडिलांनी मला नमस्कार कळवला होता आणि त्यात माझ्या नावाच्या जागी ‘सेन्योर १७’ असे लिहिलेले होते. चौथी ओळ मी अजून पत्नीला दाखवलेली नाही.

पेरूला जाऊन आलो असे सांगितले की आमच्या पुण्यात समोरचा माणूस ‘त्यासाठी एवढ्या लांब कशाला, मंडईत मिळतात की’ असे म्हणतो आणि हा विनोद जगात प्रथम आपणच केला अशा समजुतीने खूश होतो. त्या विनोदाला मी आतापर्यंत न चुकता हसत आलो आहे. १७ या आकड्याला मात्र मला अजून हसता येत नाही.

आमचा मुलगा न्यू जर्सीत असतो. त्याच्याकडे राहायला गेलो असताना असे कळले की किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला अमेरिकेचा व्हिसा पासपोर्टवर असेल, तर भारतीय माणसाला पेरूत फिरण्यासाठी वेगळा व्हिसा लागत नाही. फुकट मिळणारी गोष्ट सोडायची नाही हा आमच्या घराण्याचा बाणा असल्याने १६ दिवसांचा दक्षिण अमेरिकेचा दौरा त्याच संध्याकाळी ठरला. कुठे जायचे आणि कुठे राहायचे हे ठरवण्यात मात्र पाच आठवडे गेले. पत्नीच्या यादीत रिओ, पातागोनिया, गालापागोस बेटे, उयुनीचे मिठाचे वाळवंट, इग्वासूचा धबधबा आणि माचू पिच्चू अशी सगळीच नावे होती. हा खंड १ कोटी ७८ लाख चौरस किलोमीटरांचा, म्हणजे भारताच्या पाचपटीहून मोठा आहे, एकट्या ब्राझीलमध्ये आपला देश अडीच वेळा मावेल आणि लिमा ते ब्यूनॉस आयरिस हे विमानाचे अंतरच ३,००० किलोमीटरांच्या पुढे जाते, असे मी तिला नकाशा काढून समजावले. त्यावर, ‘म्हणजे काश्मीर ते कन्याकुमारीच ना, तेवढे तर वरच्या मजल्यावरचे लोक एका रजेत करून आले,’ असे ती म्हणाली. शेवटी ब्राझील व्हिसापायी गळाला, गालापागोस खर्चापायी, उयुनी थंडीपायी आणि पातागोनिया जुलैत तिकडे ऐन हिवाळा असतो म्हणून गळाले. पेरू आणि अर्जेंटिना उरले. गावे पत्नीने ठरवायची आणि राहण्याच्या जागा मी निवडायच्या, असे कामाचे वाटप झाले.

हे काम मी हक्काने मागून घेतले होते, कारण बँकेच्या कर्जविभागात माझी ३४ वर्षे गेली आहेत. ‘दुकान मोक्याच्या जागी आहे’ असे अर्जात लिहिलेले असले की ते बोळाच्या टोकाला दुसऱ्या मजल्यावर असणार, आणि ‘व्यवसाय वाढीच्या मार्गावर आहे’ म्हणजे तो अजून सुरूच झालेला नाही, हे मी कागदाच्या वासावरून ओळखत असे. तोच मी, कुस्कोतील सान ब्लास या वस्तीतल्या लॉजचे वर्णन वाचताना ‘कारागिरांची जुनी वस्ती’, ‘निळे सज्जे’, ‘मुख्य चौकापासून चालत चार मिनिटे’ आणि ‘खोलीतून संपूर्ण शहराचे विहंगम दृश्य’ एवढ्या चार शब्दसमूहांवर विरघळलो. विहंगम या शब्दातच विहंग बसलेला आहे आणि पक्ष्याला जे दिसते ते पाहायचे तर पक्ष्याच्या उंचीवर जावे लागते, हे माझ्यासारख्या भाषाभिमानी माणसाला कळायला हवे होते. मी नकाशावर अंतरही मोजून पाहिले होते. ते बरोबरच होते. नकाशावर सगळी गावे सपाट असतात, एवढेच काय ते.

खरे म्हणजे इशारा लिमातच मिळाला होता. तिथे मिराफ्लोरेस या समुद्रालगतच्या कड्यावरील वस्तीत मी जादा पैसे मोजून समुद्र दिसणारी खोली घेतली होती. लिमात पाऊस जवळजवळ पडत नाही एवढे मी वाचलेले होते. पण हिवाळाभर समुद्रावरून येणारे ‘गारुआ’ नावाचे धुके त्या शहरावर गोधडीसारखे पांघरलेले असते, हे वाचलेले नव्हते. दोन दिवस आम्ही खिडकीत बसून पांढऱ्या रंगाकडे पाहिले. ‘समुद्र नक्की आहे ना?’ असे पत्नीने विचारले तेव्हा मी ‘आवाज येतो आहे की’ असे उत्तर दिले. तो आवाज कड्याखालच्या रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांचा होता.

मुलाने निघताना बजावले होते, “बाबा, कुस्कोच्या विमानतळावर उतरलात की गावात थांबू नका. तसेच टॅक्सीने खाली दरीत ओयांतायतांबोला जा, तिथे दोन रात्री राहा, तिथून आगगाडीने माचू पिच्चू करा आणि कुस्को अगदी शेवटी ठेवा.” हा सल्ला अक्षरशः बरोबर होता. कुस्को समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे, ओयांतायतांबो सुमारे २,८०० मीटरवर आणि माचू पिच्चू तर केवळ २,४३० मीटरवर. परंतु ढगांत बुडालेल्या त्या अवशेषांची छायाचित्रे लहानपणापासून पाहिल्यामुळे माचू पिच्चू हेच सर्वांत उंच ठिकाण, अशी माझी ठाम समजूत होती. म्हणून आधी कुस्कोत राहून उंचीचा सराव करावा आणि मग ‘वर’ जावे, असा हिशेब मी मांडला. सरावासाठी आधी मॅट्रिकला बसावे आणि मग बालवाडीत नाव घालावे, तसा तो प्रकार झाला.

लिमाचे विमान समुद्रकाठावरून उडते आणि सव्वा-दीड तासात अशा जागी आणून सोडते, जिथे एकीवर एक दोन कळसूबाई रचल्या तरी शंभरेक मीटर कमीच पडतील. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे दोन तृतीयांश असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूची एक तृतीयांश कपात होते. या त्रासाला तिकडे ‘सोरोचे’ म्हणतात. विमानतळावर मला काहीच झाले नाही, म्हणून मी पत्नीला ‘लोक उगीच बाऊ करतात’ असे म्हणालो. हे वाक्य तिने जपून ठेवले.

टॅक्सीवाल्याने आम्हाला एका अरुंद दगडी जिन्याच्या पायथ्याशी उतरवले, वर बोट दाखवले आणि गाडी मागे घेऊन तो निघून गेला. जिना ९४ पायऱ्यांचा होता. मी दर रविवारी पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढतो, त्यामुळे आपल्या नऊ पायऱ्या वाचल्या असा विचार माझ्या मनात आला, हे कबूल करतो. वरून एक पोरगेलासा मुलगा धावत आला आणि आमच्या दोन्ही बॅगा उचलून धावतच वर गेला. मी बाराव्या पायरीवर होतो तेव्हा तो रिकाम्या हातांनी खाली आला, पत्नीच्या हातातली पिशवी त्याने घेतली आणि मला दुसऱ्यांदा ओलांडले. पुढच्या वेळी मी ज्या पायरीवर उभा होतो, तिचा क्रमांक सांगण्यासारखा नाही. छातीत कोणीतरी लोहाराचा भाता मारत होते, पण त्यातून वारा येत नव्हता. पत्नी माझ्या पुढे होती. त्या दिवशी आषाढी एकादशी होती आणि तिचा कडकडीत उपास होता, हा मुद्दा पुढे अनेकदा निघणार आहे.

जिन्याच्या माथ्यावर, निळ्या दाराशेजारच्या बाकावर एक आजोबा उन्हात बसले होते. कान झाकणारी लोकरी टोपी, गुडघ्यांवर घोंगडी, घोंगडीवर चौकटींची शाळकरी वही आणि टोपीत खोचलेली पेन्सिल. मी शेवटची पायरी चढून दाराला हात टेकला, तेव्हा त्यांनी पेन्सिल काढली, तिचे टोक जिभेला लावले आणि मला स्पॅनिशमध्ये एक प्रश्न केला. पाणी हवे का असे विचारत असावेत, असे समजून मी जोराने मान डोलावली. तेवढ्यात मालकीणबाई दारात आल्या. त्यांचे इंग्रजी चांगले होते आणि वडिलांचे शब्द जसेच्या तसे पोचवण्याची त्यांची निष्ठा त्याहूनही चांगली होती.

“वडील विचारतात, आपण कोणत्या देशाचे?”

“भारत,” मी म्हणालो. एवढ्या लहान शब्दाला दोन श्वास लागले.

आजोबांनी वहीची पाने उलटली, एक कोरे पान काढले, त्याच्या डोक्यावर देशाचे नाव लिहून खाली पट्टीने मारावी तशी सरळ रेघ मारली आणि रेघेखाली ११ हा आकडा लिहिला.

“वडील म्हणतात, अभिनंदन. भारताचे पान आमच्याकडे नवीन आहे.”

“आणि हे अकरा काय आहे?”

“थांबे.”

मला वाटले, माझ्या कानांतही प्राणवायू कमी पोचतो आहे. परंतु ऐकले ते खरेच होते. पाहुणा जिना चढताना किती वेळा थांबतो, हे आजोबा अनेक वर्षांपासून देशवार नोंदवत होते. त्याला नियम होते. दोन्ही पाय एकाच पायरीवर तीन श्वासांपर्यंत राहिले की एक थांबा धरायचा. भिंतीला टेकले तरी एकच. खाली बसले तर दोन. बँकेत ऑडिटवाले यायचे त्यांनाही इतके स्पष्ट नियम नसत.

“यांतले तीन थांबे मी छायाचित्रे काढण्यासाठी घेतले होते,” मी म्हणालो.

“वडील विचारतात, कशाची?”

“त्या प्राचीन दगडी भिंतीची.”

असे म्हणण्याला आधार होता. कुस्कोत इंका राजवटीतल्या भिंती रस्तोरस्ती उभ्या आहेत. चुन्यामातीचा लेप न देता नुसते दगडाला दगड घासून बसवलेले. आणि सान ब्लासकडे चढणाऱ्या हातुन रुमियोक या गल्लीत १२ कोनांचा एक प्रसिद्ध दगड आहे, ज्याच्यासमोर दिवसभर गर्दी असते. १९५० च्या भूकंपात शहरातल्या अनेक इमारती ढासळल्या, तरी या भिंती जागच्या हलल्या नाहीत. तेव्हा भिंतीसमोर थांबणे हे थकव्याचे नव्हे तर जिज्ञासेचे लक्षण आहे, असा माझा युक्तिवाद होता.

आजोबांनी तो शांतपणे ऐकून घेतला.

“वडील म्हणतात, दुसऱ्या वळणावरची ती भिंत शेजाऱ्यांनी गेल्या वर्षी बांधली. तुम्ही ज्याचे छायाचित्र काढलेत, तो त्यांचा विजेचा मीटर आहे.”

मी फोन उघडून पाहिला. मीटरच होता. त्याचे आकडे नीट वाचता येत होते.

“एका ठिकाणी मी मुलाचा फोन घ्यायला थांबलो होतो.”

“वडील म्हणतात, त्या वळणावर फोन लागत नाही. सगळे पाहुणे तिथेच फोन घेतात.”

मग मी नाइलाजाने पर्वती बाहेर काढली. आमच्या गावात पेशव्यांच्या काळातील एक टेकडी आहे, तिला १०३ पायऱ्या आहेत आणि त्या मी न थांबता चढतो, असे छाती पुढे काढून सांगितले. म्हणजे छाती काढण्याइतका श्वास जमल्यावर सांगितले. आजोबांनी आमचे गाव समुद्रापासून किती उंचीवर आहे ते विचारले. साडेपाचशे मीटर म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरच्या साऱ्या सुरकुत्या एकदम हसल्या.

“वडील म्हणतात, तेवढ्या उंचीवरच्या जिन्याला आमच्याकडे उंबरठा म्हणतात.”

इतका वेळ पत्नी बाजूला उभी राहून शहर पाहत होती. तिने आपला आकडा विचारला. आजोबांनी अदबीने टोपीला हात लावला आणि सहा बोटे दाखवली. “उपाशीपोटी सहा,” ती माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, “अहो, तिकडे म्हातारेकोतारे आळंदीहून पंढरपुरापर्यंत चालत पोचले, आणि तुम्हाला एक जिना चढवेना.”

बँकेतल्या माणसाचा अडचणीच्या वेळी सरासरीवर फार भरवसा असतो. अकरा आणि सहा यांची सरासरी साडेआठ येते, तेव्हा भारताच्या पानावर साडेआठ लिहावे, असे मी सुचवले. आजोबांना ही सूचना पटल्यासारखी दिसली. त्यांनी पेन्सिल पुन्हा जिभेला लावली.

“वडील विचारतात, तुम्ही दोघे एकाच कुटुंबातले?”

“अर्थात,” मी घाईने म्हणालो.

“एकाच खोलीत राहणार?”

“हो, हो.”

आजोबांनी ११ वर काट मारली आणि शेजारी १७ लिहिले.

“वडील म्हणतात, एका खोलीचा हिशेब एकत्र धरतात.”

ती वही नंतर मी निवांतपणे चाळली; खरे सांगायचे तर संध्याकाळी आजोबा आत गेल्यावर चोरून चाळली. पहिल्याच पानावर नेपाळचे एक गिर्यारोहक होते आणि त्यांच्या शून्याभोवती लाल वर्तुळ होते. ज्यांच्या देशाचा बराचसा भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे, त्या हॉलंडच्या जोडप्याचे दोघांचे मिळून पाच होते. स्वित्झर्लंडच्या एका बाईंपुढे दोन आणि कंसात वय ७९ होते. बोलिव्हियाचे पान मात्र सापडेना. दुसऱ्या दिवशी विचारले, तेव्हा ला पाझ शहर कुस्कोपेक्षाही उंच असल्याने तिकडची माणसे इथे वर येत नाहीत, खाली उतरतात, म्हणून त्यांची नोंद करणे नियमात बसत नाही, असा खुलासा मिळाला. आमच्या आधी सर्वांत मोठा आकडा ऑस्ट्रेलियाच्या एका तरुणाचा होता. १३. त्याच्या नावापुढे आजोबांनी सहानुभूतीने एक टीप लिहिली होती. टीप मी फोनवर भाषांतरित करून पाहिली. ‘उजवा पाय प्लास्टरमध्ये.’

इथपर्यंत मी थट्टा म्हणून घेतले असते. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर माझा राग हळूहळू त्या वहीवरून लॉजच्या वर्णनाकडे सरकला, आणि तो योग्यच होता. त्या वर्णनात केस वाळवण्याचे यंत्र असल्याचे लिहिले होते. उशा दोन प्रकारच्या मिळतात, पाळीव मांजर आणलेले चालते, इस्त्री मागितल्यास देऊ, हे सर्व लिहिले होते. पुण्याहून कुस्कोला मांजर घेऊन कोण जातो? पण ९४ पायऱ्या आहेत आणि गाडी दारापर्यंत येत नाही, हे लिहायला यांना जागा पुरली नाही. ज्या खंडात मुक्कामाची जागा अंतरावरून नव्हे तर उंचीवरून निवडावी लागते, तिथे हॉटेलच्या नावापुढे तारे कसले छापता? मीटर छापा, पायऱ्या छापा. गुडघे दुखणारी माणसेही पैसे भरूनच येतात. खोलीत गरम हवेची सोय नव्हती आणि जुलैच्या रात्री तिथे पारा शून्याच्या आसपास जातो, हेही मला चार घोंगड्यांच्या खाली गेल्यावर कळले. चार घोंगड्या अंगावर असल्या की कूस बदलणे हाही एक थांबा होतो. विहंगम दृश्य, म्हणजे उतारावर पसरलेली लाल कौले आणि खाली चौकातले दिवे, खिडकीबाहेर खरोखरच होते. परंतु ते पाहायला उठावे लागणार होते.

त्या संध्याकाळी उपासाचाही एक प्रसंग घडला. पत्नी काय खाऊ शकते असे मालकीणबाईंनी काळजीने विचारल्यावर तिने बटाटा, रताळे, शेंगदाणे, हिरवी मिरची आणि साबुदाणा अशी यादी सांगितली. साबुदाणा म्हणजे काय, हे समजावताना तो ज्या कंदापासून करतात त्याचे चित्र दाखवावे लागले. ‘युका!’ असे म्हणून बाई हसल्या आणि त्यांनी ती यादी वडिलांना वाचून दाखवली. आजोबा बराच वेळ बोलले.

“वडील म्हणतात, हे सगळे तर आमच्याच खंडातून जगात गेले. मग आमचे रोजचे जेवण जेवून तुमचा उपास कसा होतो?”

चाळीस वर्षे एकादशी करणाऱ्या माझ्या पत्नीला याचे उत्तर सुचले नाही. आमच्या बटाट्याचे नावही पोर्तुगीजांकडून आलेले आहे. खिचडीतले जिरे आणि तूप एवढेच काय ते आपल्या बाजूचे निघाले. मला त्या क्षणी आजोबांविषयी थोडी आपुलकी वाटली. ती सकाळपर्यंत टिकली.

उंचीवर झोप तुटक लागते. तिसऱ्या रात्री कोकाच्या पानांचा चहा (तिकडे तो घरोघरी उघडपणे पितात, आपल्याकडे ती पाने आणली तर तुरुंगात मुक्काम मिळेल) पीत बसलो असता मला रवींद्रनाथ ठाकुरांची आठवण झाली. १९२४ साली ते पेरूच्याच निमंत्रणावरून, तिथल्या स्वातंत्र्याच्या शताब्दी सोहळ्यासाठी निघाले होते. बोटीवर आजारी पडल्यामुळे त्यांना ब्यूनॉस आयरिसला उतरावे लागले आणि डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. तेव्हा विक्टोरिया ओकाम्पो या विदुषीने शहराबाहेर सान इसिद्रोला, नदी दिसणारा ‘मिरालरिओ’ नावाचा बंगला त्यांच्यासाठी भाड्याने घेतला; त्या भाड्यासाठी तिने आपला हिऱ्यांचा अलंकार विकला, असे सांगतात. कविराज तिथे जवळजवळ दोन महिने राहिले. निघताना तिने त्यांना त्यांची आवडती आरामखुर्ची बरोबर दिली आणि ती बोटीवरील खोलीच्या दारातून जाईना, तेव्हा दारच काढावे लागले. पेरूला ते गेलेच नाहीत. मुक्कामाची जागा दुसऱ्याने निवडावी, ती सपाटीवर असावी आणि पुढचा बेत डॉक्टरांनी रद्द करावा, हे भाग्य कवींचे. मला जागा स्वतः निवडावी लागली आणि खुर्ची तर चौऱ्याण्णव पायऱ्यांत कुठेच नव्हती.

चौथ्या दिवशी मात्र माझे रक्त तिथल्या हवेला सरावले. दुपारी सान पेद्रोच्या बाजारातून हातात मक्याची पिशवी घेऊन येताना मी तो जिना तीनच थांब्यांत चढलो, आणि त्यांतला एक तर खरोखरच कुत्र्याला वाट देण्यासाठी होता. आजोबा बाकावर होते. वही गुडघ्यावर होती. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि तीन बोटे दाखवली. आजोबांनी माझी बोटे पाहिली, पिशवी पाहिली, पण टोपीतली पेन्सिल काढली नाही.

“वडील म्हणतात, छान. पण नोंद पहिल्या दिवसाचीच होते.”

“का?”

“चौथ्या दिवशी सगळेच चढतात.”

त्यावर मी जे मराठीत बोललो त्याचे भाषांतर करून देण्याची विनंती मालकीणबाईंनी केली. मी ती नाकारली.

माचू पिच्चूविषयी लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, पण ते सगळ्यांनी लिहिलेले आहे. खाली उतरल्यावर श्वास असा मोकळा झाला की मी पायऱ्यांमागून पायऱ्या चढत सुटलो आणि आमच्या वाटाड्याने दोनदा ‘सावकाश’ म्हणून हटकले. ते ऐकायला जिन्यावरचे कोणीच जवळ नव्हते. पुढे अर्जेंटिनात इग्वासूला मी ‘धबधब्याच्या सान्निध्यात’ अशी जागा निवडली होती. धबधबा तिथून सुमारे १८ किलोमीटरांवर होता आणि सान्निध्यात शेजारच्या खोलीचे वातानुकूलन यंत्र होते. पत्नीने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. ब्यूनॉस आयरिसची जागा तिने स्वतः निवडली. तळमजला.

आता चौथी ओळ. ‘गेल्या आठवड्यात तुमच्या देशातल्या लेह नावाच्या गावाहून एक जोडपे येऊन गेले. दोघांचे मिळून शून्य. वडील म्हणतात, म्हणजे दोष देशाचा नव्हता.’

रात्री मला झोप आली नाही. पहाटे चहा करून मी उत्तर लिहायला बसलो. लेह हे सुमारे ३,५०० मीटर उंचीवर, म्हणजे कुस्कोच्याही वर आहे. सबब सदर जोडपे आपल्या जिन्याशी वर चढून आलेले नसून खाली उतरून आलेले आहे आणि ला पाझच्या पाहुण्यांना लावलेल्या नियमानुसार त्यांची नोंद वहीत होऊच शकत नाही, ती रद्द करावी, असा पहिला मुद्दा मी मांडला. नोंद ठेवायचीच असेल तर भारताच्या पानावर दोन खोल्यांची सरासरी काढावी, हा दुसरा. आणि आपल्या लॉजच्या वर्णनात ‘मुख्य चौकापासून चालत चार मिनिटे’ असे अजूनही लिहिलेले आहे, ती मिनिटे नेमकी कोणाची आहेत, बॅगा नेणाऱ्या मुलाची की स्वित्झर्लंडच्या बाईंची, हे कृपया वडिलांना विचारून कळवावे, हा तिसरा.

उत्तर आज सकाळी आठ वाजता पाठवले. तेव्हा तिकडे कालच्या रात्रीचे साडेनऊ झाले होते आणि मालकीणबाई झोपल्या असाव्यात. आजोबांच्या बाकावर ऊन यायला पुण्यात संध्याकाळचे साडेसहा वाजावे लागतात.